समन्वयकाने सुखी कसे राहावे

प्रथम अभिनंदन. सरकार आणि परदेशी मदत देणारे दाते यांच्या संयुक्त कार्यगटांचे समन्वयक म्हणून तुमची नेमणूक झाल्याचं कळलं. (चुकलो. 'दाते' म्हणायचं नाही, 'विकास भागीदार' म्हणायचं. पैसे देणारा कोण आणि घेणारा कोण हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच शब्द जपून वापरावे लागतात.) त्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली. गेल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला एक मेल आला आणि वाटलं, कमावलेलं शहाणपण कुणाला तरी देऊन टाकावं. मेलचं पुढे सांगतोच. आधी प्राथमिक धडे.

गट भरपूर असावेत. आरोग्याला एक, शिक्षणाला एक, पाण्याला एक, ही नवशिक्यांची समजूत. पाण्याला एक, स्वच्छतेला दुसरा, आणि त्या दोघांचा ताळमेळ राहावा म्हणून तिसरा. कंबोडियात एके काळी असे १९ तांत्रिक कार्यगट होते, तेव्हा विसाचा आकडा गाठायला लाजू नका. एखादा प्रश्न बैठकीत अवघड होऊ लागला की त्याच्यासाठी लगेच उपगट नेमावा. प्रश्न सुटत नाही, पण आपल्या टेबलावरून उठतो.

नेमलेला गट बंद करायचा नसतो. माणसं मरतात, गट मरत नाहीत.

पहिल्या चार बैठका कार्यकक्षा ठरवण्यात घालवाव्यात. पाचव्या बैठकीपर्यंत सचिवांची बदली झालेली असते, दात्यांकडचे प्रतिनिधी तीन वर्षं संपवून दुसऱ्या देशात गेलेले असतात, आणि नवे आलेले गृहस्थ म्हणतात, "मला वाटतं आपण कार्यकक्षेकडे पुन्हा एकदा ताज्या नजरेनं पाहायला हवं." पाहू द्यावं. ताजी नजर फार दिवस टिकत नाही.

इतिवृत्तात क्रियापदाला कर्ता देऊ नये. "पाठपुरावा केला जाईल." बस्स.

अध्यक्ष दोन असावेत, एक सरकारी, एक भागीदारांचा. सरकारी अध्यक्ष नेमके त्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत अडकतात आणि आपल्या जागी अशा कनिष्ठाला पाठवतात ज्याला काहीही कबूल करण्याचा अधिकार नाही. भागीदारांचे अध्यक्ष लिहून आणलेलं निवेदन वाचतात, कारण त्यांनाही मुख्यालयाला विचारल्याशिवाय काही कबूल करता येत नाही. अशा रीतीनं अधिकार नसलेली दोन माणसं एका टेबलावर पूर्ण सहमतीला येतात. हे दृश्य पाहण्यासारखं असतं, पहिल्या दोन-तीन वेळा.

थोडं वाचनही ठेवा. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं ठरलं. बोटांवर मोजता येतील इतक्याच देशांनी ते पाळलं. २००३ साली रोमला सगळे दाते जमले आणि म्हणाले, आपण प्रत्येक जण वेगवेगळे फॉर्म भरायला लावतो, हे बरं नव्हे. २००५ साली पॅरिसला पुन्हा जमून पाच तत्त्वं लिहिली: देशाची मालकी, देशाच्याच यंत्रणांशी जुळवून घेणं, दात्यांनी आपापसात एकवाक्यता ठेवणं, निष्पत्तीकडे लक्ष, आणि परस्पर उत्तरदायित्व. २००८ साली घानातलं आक्रा. २०११ साली दक्षिण कोरियातलं बुसान. दर वेळी आधीच्या वेळी ठरलेलं पुन्हा ठरलं. पॅरिसच्या जाहीरनाम्यात तर दात्यांनी स्वतःलाच मोजायला निर्देशक लावून घेतले होते. निदान ४० टक्के मिशन, म्हणजे मुख्यालयाकडून येणारी पाहणी पथकं, संयुक्त असावीत, वगैरे. मुदत २०१०. ती उलटल्यावर हिशेब झाला तेव्हा १३ जागतिक उद्दिष्टांपैकी एक गाठलं गेलं होतं. एकच, आणि तेही निसटतं. कोणतं, ओळखा. तांत्रिक सहकार्याचा समन्वय. म्हणजे बाकी काही जमलं नसलं तरी सल्लागार कसे पाठवायचे यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

मिशनचं सांगायचं राहिलंच. मुख्यालयातून माणसं आली की ती मंत्र्यांनाच भेटणार, आणि अर्थसंकल्पाच्या ऐन धांदलीतच येणार. टांझानियानं कंटाळून 'शांतता काळ' जाहीर केला होता. अर्थसंकल्पाचे काही महिने कृपा करा, येऊ नका, आमच्या लोकांना काम करू द्या. तुम्ही असलं काही सुचवू नका. त्यावर विचार करायला गट नेमतील.

आता तो मेल.

विषय होता 'छोटीशी विनंती'. हा विषय दिसला की हातातलं काम बाजूला ठेवावं, कारण ते आता होणार नाही. मजकूर असा की सोमवारी वरिष्ठ पातळीवरचा संवाद आहे, त्याआधी लसीकरणाची प्रगती सोबतच्या टेम्प्लेटमध्ये भरून उद्या दुपारपर्यंत मिळाली तर आनंद होईल. आकडे आमच्या संयुक्त अहवालात होते. पान क्रमांकासह होते. त्या अहवालावर या भागीदारांची सही आहे. पण त्यांच्या टेम्प्लेटला ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष लागतं. अहवाल सरकारी वर्षाचा, जुलै ते जून. दुसऱ्या एका भागीदाराचं वर्ष एप्रिल ते मार्च, तिसऱ्याचं जानेवारी ते डिसेंबर. बाळं मात्र बारा महिने जन्मतात, कुणाचंही आर्थिक वर्ष न विचारता.

हे तक्ते मी भरत नाही, हे आधी कबूल करतो. मी फक्त मेल पुढे पाठवतो, "कृपया तातडीनं पाहावे" असं लिहून. भरतात आरोग्य खात्यातल्या सांख्यिकी अधिकारी. खात्यात त्या कामाला आहेत तेवढ्या एकट्याच. त्या काय करतात, ऐका. दवाखान्यांकडून महिन्याचे अहवाल येतात, काही वेळेवर, काही दोन महिन्यांनी, काही पावसात रस्ता बंद झाला की येतच नाहीत. ते जिल्हावार जोडायचे. मग त्याला लक्ष्यसंख्येनं, म्हणजे लस द्यायच्या एकूण बाळांच्या संख्येनं, भागायचं. ती संख्या दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेवरून अंदाजानं काढलेली, त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जातं. मग त्या जिल्ह्याला फोन करायचा, हे कसं झालं म्हणून. बहुतेक वेळा कारण साधं असतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या आयांना हा दवाखाना जवळ पडतो. हे सगळं एकदा केलं की एका वर्षाचा एक आकडा मिळतो. आता महिने सरकवून पुन्हा करा. आणखी सरकवून पुन्हा. गुरुवारचा टेम्प्लेट सातवा होता. एकाच वर्षात, एकाच लसीच्या तिसऱ्या डोससाठी सातवा.

आणि खरी गंमत पुढेच. सात तक्त्यांत सात आकडे येतात, कारण सात वेगवेगळी वर्षं आहेत. मग कार्यगटाच्या बैठकीत कुणीतरी चष्मा सरसावून म्हणतं, "आकड्यांमध्ये विसंगती दिसते. माहितीच्या गुणवत्तेबद्दल आम्हाला चिंता वाटते." विसंगती! सात घड्याळं तुम्ही आणलीत, सातांच्या वेळा वेगळ्या, आणि विचारता काय, तर तुमच्याकडे नक्की वाजले किती? या चिंतेतून 'माहिती गुणवत्ता उपगट' जन्माला येतो. उपगट सल्लागार आणतो. सल्लागार तीन आठवडे त्याच बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसतो, त्यांच्याकडूनच सगळं समजून घेतो आणि अहवालात लिहितो, "खात्याची क्षमता अपुरी आहे, क्षमतावर्धनाची गरज आहे." क्षमतावर्धनाची कार्यशाळा ठरते. कार्यशाळेला कोण जाणार? खात्यात दुसरं आहे कोण? चार दिवस त्या तिथे, आणि इथे दवाखान्यांचे अहवाल साचलेले. पुढच्या बैठकीत मुद्दा येतो, अहवाल उशिरा येताहेत.

मी शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. मेल नुसता पुढे ढकलायची लाज वाटली म्हणून स्वतः गेलो. त्यांनी टेम्प्लेट पाहिला, आणि चिडल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, एका जिल्ह्यात तिसऱ्या डोसला मुलं गळताहेत असं मार्चपासून दिसतंय, तिथे जाऊन पाहायचं होतं, पण आता पुढच्या महिन्यात बघू. मार्चपासून.

कुठल्याही गटाच्या, कुठल्याही इतिवृत्तात हा जिल्हा नाही. मी शोधलं.

तर धडा पुढचा... जाऊ दे धडा. उपरोध करायला थोडी मजा शिल्लक असावी लागते.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शाश्वत विकासाची १७ ध्येयं आणि १६९ उद्दिष्टं ठरली, त्यांना दोनशेच्या वर निर्देशक जोडले गेले. माझा त्याला विरोध नाही. मोजायला हवंच. ज्या देशांत जन्म-मृत्यूची नोंदही धड होत नाही तिथे मोजणं ही चैन नव्हे. पण मोजणारी माणसं मोजकी आहेत, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि भागीदारहो, परस्पर उत्तरदायित्व म्हणता, ते परस्पर कधी होतं? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं एका आदेशासरशी परकीय मदत थोपवली, जुलै उजाडला तेव्हा ती मदत वाटणारी यूएसएआयडी ही सरकारी संस्थाच संपली होती. कुठल्या कार्यगटात आधी चर्चा झाली? कुणी टेम्प्लेट भरला? आमच्याकडून एका सुईचा हिशेब तीन प्रतींत घेतला जातो, आणि तुमच्याकडून एवढीही खबर मिळत नाही की पुढच्या वर्षी पैसे येणार आहेत की नाही. अर्थसंकल्प मांडायचा कशावर? तुमच्या सदिच्छेवर?

आमचे साहेबही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. "नाही" म्हणायचा अधिकार सरकारला पहिल्या दिवसापासून आहे. एकच अहवाल मिळेल, आमच्याच वर्षाचा मिळेल, हवा तर घ्या, असं एका सचिवानं एकदा ठणकावून म्हटलं असतं तर अर्धे टेम्प्लेट तिथेच मेले असते. पण प्रत्येक दात्याशी वेगळं बोललं की प्रत्येकाकडून वेगळी गाडी, वेगळा दौरा, वेगळा प्रकल्प कक्ष मिळतो, आणि त्या कक्षात आपल्या माणसाला खात्याच्या कितीतरी पट पगार. असे खात्याला समांतर चालणारे कक्ष दोन तृतीयांशानं कमी करायचे असंही पॅरिसलाच ठरलं होतं. खात्यातली हुशार माणसं त्या कक्षांत गेली, म्हणून तर खात्यात एकट्या बाई उरल्या! आणि त्या कक्षातूनच त्यांना मेल येतो: 'छोटीशी विनंती'.

साहेब, मॅडम, भागीदार, जे कोणी असाल ते. संयुक्त अहवाल उघडा आणि वाचा. त्यावर तुमची सही आहे. तुमच्या मुख्यालयाला ऑक्टोबर ते सप्टेंबर हवं असेल तर महिन्यांचे आकडे परिशिष्टात आहेत, बेरीज तुम्ही करा. बेरीज करता येणारी माणसं तुमच्याकडे आहेत, आमच्यापेक्षा जास्त आहेत. नवा उपगट काढायच्या आधी एक जुना बंद करून दाखवा. मिशनला यायचं असेल तर चौघं मिळून या, आणि मंत्र्यांना भेटून झालं की एक दिवस त्या बाईंच्या शेजारी बसा, काही न विचारता. आणि आमच्या सचिवांनी सोमवारच्या संवादात निवेदन वाचण्याऐवजी तोंड उघडून एकदा "नाही" म्हणावं. आकाश कोसळणार नाही. कोसळलंच तर त्यावरही तुम्ही संयुक्त आढावा घ्यालच.

सातवा टेम्प्लेट मी शुक्रवारी दुपारी रिकामाच परत पाठवला, अहवालाचा पान क्रमांक लिहून. त्यांनी पोच दिली आहे आणि कळवलंय की ही बाब पुढील विचारार्थ माहिती गुणवत्ता उपगटाकडे पाठवण्यात येत आहे. बैठक बुधवारी आहे. बाईंनाही बोलावलंय. त्या येणार नाहीत, त्या जिल्ह्यावर जाणार आहेत. गाडीच्या परवानगीवर सही मी केली आहे. ती करायचा अधिकार मला आहे की नाही, ते ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.