रमेश कृष्णनची ‘लेचीपेची’ सर्व्हिस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टेनिसपटू रमेश कृष्णनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. संध्याकाळी चहा घेताना पुन्हा वाचली तेव्हा त्यातला निम्मा राग ओसरला, कारण एका ठिकाणी तुम्ही मला रंगेहाथ पकडलं आहे.

बाकीच्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की लेख म्हणजे निव्वळ जुन्या दिवसांचे उमाळे आहेत. ग्रँडस्लॅमची एकही उपांत्य फेरी न गाठलेल्या, लेचीपेची सर्व्हिस असलेल्या खेळाडूला मी डोक्यावर घेतलंय. लिअँडर पेसची 18 ग्रँडस्लॅम विजेतेपदं आणि सानिया मिर्झाची 6, त्यांच्यापुढे याचं काय? आणि वडील रामनाथन कृष्णन नसते तर हा पोरगा कुणाला माहीत तरी झाला असता का?

आधी चूक कबूल करतो. रमेश विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला होता, असं मी लिहिलं. ते चूक. 1960 आणि 1961 अशी सलग दोन वर्षं तिथे पोचले ते रामनाथन. रमेश 1986 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि युगोस्लावियाच्या झिवोयिनोविचकडून हरला. बापलेकांची खिचडी केली मी. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. अमेरिकन ओपनमध्येही तो दोनदा, 1981 आणि 1987 ला, शेवटच्या आठात होता. एकदा मॅकेन्रोने अडवलं, एकदा एडबर्गने.

आता वडिलांचा मुद्दा. घरात टेनिस होतंच, ते कोण नाकारतंय? आजोबा टी. के. रामनाथन हे स्वतः खेळाडू, तेही नागपूरचे. (आम्हा वैदर्भीयांना हे सांगताना उगाच छाती फुगते.) रामनाथन कृष्णन त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि 1954 मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद घेऊन आले. पंचवीस वर्षांनी, 1979 मध्ये, रमेशने तेच जिंकलं आणि त्याच वर्षी फ्रेंच ज्युनियरही. बाप मोठा असला की कोर्ट मिळतं, रॅकेट मिळते, कोच घरातच मिळतो. पण पलीकडून स्वीडनचा विलँडर खेळत असताना वडील प्रेक्षकांत बसलेले असतात, एवढंच.

खरा वाद सर्व्हिसचा. तुम्ही ती दुबळी म्हणालात. दुबळी होतीच हो! त्या काळात लाकडी रॅकेट जाऊन ग्रॅफाइटच्या आल्या होत्या आणि बेकरसारखी पोरं तोफगोळे टाकत होती. त्यात रमेशची सर्व्हिस म्हणजे पोस्टमनने दाराखालून पाकीट आत सरकवावं तशी. फुकटचा पॉइंट तिच्यावर जवळजवळ मिळायचाच नाही. प्रत्येक पॉइंट खेळून काढायचा. तुम्ही यावरून तो कमी होता असं म्हणता. मला त्याच गोष्टीवरून उलटा प्रश्न पडतो: एवढं मोठं भोक असलेली नाव घेऊन हा माणूस जानेवारी 1985 मध्ये जगात 23 व्या क्रमांकावर पोचला कसा?

उत्तर त्याच्या रिटर्नमध्ये आणि पायांत होतं. चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच तो उचलायचा, शिखरावर पोचायची वाट बघायचा नाही. रॅकेट मागे जायचीच जेमतेम, खांद्यापासून जोर लावणं वगैरे भानगड नाही. समोरच्याने दिलेला वेगच तो त्याला परत करायचा, सपाट, जाळीच्या अगदी वरून, आणि ज्या कोपऱ्याकडे पाठ झाली असेल नेमका तिथे. समोरच्याला पाऊल वळवायलाही वेळ नाही. त्याच्या विरुद्ध खेळताना जोर लावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

आमच्या क्लबात एक निवृत्त बँकवाले काका येतात. गुडघ्याला पट्टा, सर्व्हिस लहान मुलाला झेल द्यावा तशी. कॉलेजातला नवा मुलगा पहिल्या दिवशी ती बघून हसला. मग त्या मऊ चेंडूवर तुटून पडायला गेला आणि दोन गेममध्ये सहा चेंडू मागच्या कुंपणावर घालवून बसला. मीही त्या रांगेतून गेलोय. वेगच नसलेल्या चेंडूला वेग द्यायचा तर सगळा आपल्या खिशातून घालावा लागतो, हे हातात रॅकेट घेतल्याशिवाय कळत नाही. रमेश आणि काकांची तुलना करत नाही, चिडू नका.

1989 ची ऑस्ट्रेलियन ओपन आठवा. विलँडरने आदल्या वर्षी चारपैकी तीन ग्रँडस्लॅम जिंकली होती, गतविजेता होता, जगात पहिला होता. दुसऱ्या फेरीत रमेशने त्याला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. त्याच लेच्यापेच्या सर्व्हिसवर.

लिअँडर-सानियाशी तुलना मला पटत नाही, पण त्यात त्या दोघांचा अपमान नाही. त्यांची ती सगळी विजेतेपदं दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली. तो वेगळा खेळ आहे, तितकाच अवघड. पण एकेरीच्या जागतिक क्रमवारीत सानिया 27 पर्यंत गेली, आणि पुरुषांत? रमेशनंतर पहिल्या पन्नासात कुणीच नाही. सोमदेव देववर्मन 62 पर्यंत पोचला. लिअँडरने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचं कांस्य आणलं, तरी त्याची एकेरीतली सर्वोत्तम जागा 73. आणि त्याच्या चार वर्षं आधी, 1992 ला बार्सिलोनात, याच लिअँडरबरोबर दुहेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता तो रमेशच. पुढच्याच वर्षी डेव्हिस चषकात, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या स्पर्धेत, हे दोघं असलेल्या भारतीय संघाने फ्रेंचांना त्यांच्याच मातीच्या कोर्टवर, फ्रेज्यूसला, हरवलं. मग रमेश थांबला. नंतर वडिलांबरोबर चेन्नईत मुलांना शिकवत राहिला.

राहिला 1987 चा डेव्हिस चषक. मी सिडनीतल्या उपांत्य लढतीवर दोन परिच्छेद लिहिले आणि स्वीडनमधल्या गोटेबर्गची अंतिम लढत एका ओळीत गुंडाळली, ही तुमची तक्रार रास्त आहे. सिडनीला गवत होतं, ऑस्ट्रेलियाचं लाडकं. पाच सामन्यांची लढत 2-2 अशा बरोबरीत असताना शेवटच्या सामन्यात रमेशने वॉली मसूरला सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि भारत अंतिम फेरीत गेला. ते लिहिताना माझा हात सैल सुटला. स्वीडनने मात्र डिसेंबरात बंदिस्त स्टेडियममध्ये माती अंथरली. आपला कर्णधार विजय अमृतराज नुकताच चौतीस वर्षांचा झाला होता, समोर विलँडर आणि मंडळी. निकाल 0-5. संथ मातीवर वेग उसना घ्यायला मिळत नाही. समोरचा वेग देतच नाही, चेंडू उंच उडवून वाट बघत बसतो. रमेशचा अख्खा खेळ ज्या उधारीवर चालायचा ती तिथे बंद झाली. हे मूळ लेखात यायला हवं होतं, आता घातलं आहे. त्या लेखाचं शीर्षक मात्र बदलत नाही.