हजेरी लावली, पुढं काय?

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘खुनातल्या कैद्यांना पॅरोल देतातच कशाला? सरकारचे जावई आहेत का?’ मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं. कमेंटमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय.

माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे अण्णा म्हणतो त्याला, 2009 च्या पावसाळ्यात आत गेला. बांधावरचं भांडण, हातात कुऱ्हाड, आणि भावकीतलाच एक माणूस गेला. जन्मठेप लागली. गुन्हा त्यानं केला होता, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. आधीच सांगून ठेवतो, उगाच कुणी ‘बिचारा अडकला’ या चालीवर पुढचं वाचू नये.

एक घोळ पहिल्यांदा निस्तरू. परदेशी सिरियलीत दाखवतात तसा, घरी येऊन चौकशी करणारा पॅरोल ऑफिसर आपल्याकडं नसतो. अण्णाच्या रजांच्या वेळी महाराष्ट्रात 1959 चे नियम होते आणि त्यात दोन तऱ्हेच्या सुट्ट्या होत्या. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. फर्लोला कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरतात. पॅरोलला घरचं मरण, आजारपण असं कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. आतली माणसं दोन्हीला नुसतं ‘रजा’ म्हणतात. या रजेवरच्या माणसावर लक्ष कुणी ठेवायचं, तर पोलीस ठाण्यानं. बाकी कुणाचा संबंध नाही.

अण्णाचा फर्लोचा अर्ज तीनदा फेटाळला गेला. तिन्ही वेळा पोलिसांचा अहवाल एकच, ‘गावात शांतता भंग होण्याची शक्यता’. चौथ्यांदा मी जामीनदार राहिलो. सातबारा दिला, जबाब दिला, पोलीस पाटलांच्या घरी दोन चकरा मारल्या. गावातल्या किती घरांना खरंच विचारलं गेलं, ते मला माहीत आहे, पण जाऊ दे.

रजा मिळाली. दर सोमवारी हजेरी, ठाणं अठरा किलोमीटरवर. पहिल्या सोमवारी मीच त्याला गाडीवरून घेऊन गेलो.

‘कोण रं तू?’
‘रजेवरचा कैदी, साहेब.’
‘बस तिकडं.’

सकाळी साडेनऊला बसलो. ठाणे अंमलदार बंदोबस्ताच्या गडबडीत होते. रजिस्टर कुणाच्या तरी टेबलाच्या खणात होतं, आणि खणाची किल्ली ज्याच्याकडं तो कोर्टात गेलेला. अडीचला सही झाली. अख्ख्या दिवसात अण्णाला विचारलेला प्रश्न तो एकच, कोण रं तू. कुठं राहतोस, काय करतोस, दारू पितोस का, ज्यांचा माणूस मेला ते समोर आले तर काय करतोस, यातलं काहीही कुणाला जाणून घ्यायचं नव्हतं. मी पोलिसांना नावं ठेवत नाही. त्यांच्याकडं चोऱ्या आहेत, मोर्चे आहेत, गणपती आहेत. हे काम त्यांचं नव्हेच, एवढंच माझं म्हणणं. त्याच महिन्यात शेजारच्या वाडीत मोटर चोरीला गेली, तर पहिला अण्णालाच उचलून नेला. संध्याकाळी सोडला.

आपल्या राज्यात ‘हजेरी’ या शब्दाला जुना वास आहे. 1871 पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना जन्मापासून हजेरीला बांधलं होतं. कायदा 1952 साली देशभरातून रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची सवय काही रद्द झाली नाही. लक्ष ठेवायचं म्हणजे संशय घ्यायचा, ही समज तिथली आहे.

आणि मग कोरोना आला. मे 2020 मध्ये सरकारनं नियम बदलून आपत्कालीन पॅरोल आणला. जास्त शिक्षेच्या कैद्यांना अट अशी, की आधीच्या दोन रजांवरून वेळेत परत आलेला असला पाहिजे. अण्णा दोन्ही वेळा आदल्या दिवशीच एसटीनं जाऊन तालुक्याच्या गावी मुक्काम करून हजर झाला होता, म्हणून त्यात बसला. आधी 45 दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ. असं करत मे 2022 पर्यंत तो बाहेर राहिला. जवळजवळ दोन वर्षं! हजेरी तीस दिवसांतून एकदा.

ती दोन वर्षं तो माझ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होता. वेल्डिंग आत शिकून आलेला. हात इतका साफ की ग्रिलचा जोड बोटानं चाचपला तरी लागायचा नाही. लग्नं, मयतं, पतपेढीचा हप्ता, सगळं त्यानं त्या काळात अनुभवलं. सरकारला एवढी मोठी संधी पुन्हा मिळायची नाही. राज्यभरातले कैदी आपापल्या घरी होते. कोण कामाला लागला, कोण बिघडला, कुणाला काय लागतं, हे बघता आलं असतं. अण्णाच्या बाबतीत त्या काळातून सरकारकडं शिल्लक काय राहिलं, तर वीसेक सह्या. पुढं तो परत आत गेला आणि ते दिवस शिक्षेत धरले नाहीत. नियम तसा आहे. सर्वोच्च न्यायालयानंही 2023 मध्ये तेच सांगितलं. तक्रार नाही. पण सरकारनं त्या दोन वर्षांत बघितलं काय, हे विचारायचा हक्क मला आहे की नाही?

यावर कुणी म्हणेल, पळून जातात त्याचं काय? जातात. 2016 मध्ये नाशिकरोडहून आईच्या आजारपणासाठी सुटलेला, मुंबईतल्या तरुण वकिलाच्या खुनातला कैदी परत आलाच नाही, दीड वर्षानं काश्मीरमध्ये सापडला. नियम कडक झाले, व्हायलाच हवे होते. हरियाणातल्या डेरा प्रमुख राम रहीमला पुन्हा पुन्हा मिळणारी रजा बघून डोकं माझंही फिरतं. त्याचा राग मात्र निघतो तो अण्णासारख्याच्या फायलीवर, कारण अहवाल लिहिणाऱ्याला सही करायची भीती वाटते.

आता यंत्राचं चाललंय. केंद्राच्या 2023 च्या नमुना कारागृह कायद्यात ट्रॅकर घालायच्या अटीवर रजा द्यायची सोय आहे, आणि जम्मूच्या पोलिसांनी त्याच वर्षी एका जामिनावरच्या आरोपीच्या पायात जीपीएसचं कडं घातलं. घाला बापडे. अण्णा स्टँडवर आहे, एवढं कडं सांगेल. तो कामाला निघालाय की तीन महिने काम नाही म्हणून तिथं बसून आहे, ते कळायला माणूसच लागतो.

गंमत म्हणजे असा माणूस आपल्या कायद्यात आहे. 1958 चा परिविक्षा, म्हणजे प्रोबेशनचा, कायदा वाचा. परिविक्षा अधिकाऱ्यानं देखरेख करावी आणि गरज असेल तिथं योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पण तो अधिकारी त्यांच्यासाठी, ज्यांना कोर्ट तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं. पंधरा वर्षं आत काढून आलेल्याला तो नाही. हजेरी त्याच्याकडं द्या. तालुक्याला एक माणूस नेमा, महिन्यातून दोनदा घरी जाऊ दे. कैदी हजर झाला नाही तर तेवढी वर्दी पोलिसांना दिली की पुरे. आमच्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या स्वतंत्रपूरला, औंध संस्थाननं 1939 मध्ये खुली वसाहत काढून कैद्यांना बायकापोरांसकट शेतीवर ठेवलं. पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना. एका छोट्या संस्थानाला जमलं ते आपल्याला झेपू नये?

अण्णा पुढं कायमचा सुटला. आधारला जोडलेला नंबर बंद, म्हणून ओटीपी येईना. ओटीपी नाही म्हणून बँक खातं चालू होईना. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं. माझं दुकान होतं म्हणून निभावलं. ज्याच्या मागं कुणी नाही, तो पहिल्या आठवड्यात कुणाकडं जातो? आत ज्यांची ओळख झाली त्यांच्याकडं.

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. ज्यांचा माणूस गेला त्या काकी आमच्याच आळीत राहतात. पहिल्या रजेवर अण्णा आला तेव्हा त्यांना कुणी कळवलंसुद्धा नाही. पहाटे नळावर घागर लावून उभ्या होत्या आणि समोरून हा आला. घागर तिथंच सोडून त्या घरात गेल्या आणि दोन दिवस दार उघडलं नाही. त्यांना आधी सांगायचं, त्यांना काय चालेल ते विचारायचं काम कुणाचं होतं? मी जामीनदार. माझ्याही डोक्यात आलं नाही. मी सातबाऱ्याच्या मागं होतो.

शेवटी हे काम माझ्या आईनं केलं, अण्णा कायमचा सुटला त्याच्या आदल्या दिवशी. काकींच्या उंबऱ्यावर बसली, बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. मग काकी म्हणाल्या, ‘त्याला सांगा, सहाच्या आत नळावर यायचं नाही. तेव्हा मी असते.’

तो साडेसहाला जातो.