अनारशांची जाळी

"काही आणू नकोस रे, इथे सगळं मिळतं," असं दुबईहून दिग्या म्हणाला आणि पाचव्या मिनिटाला यादी आली. भाजणी, गोडा मसाला, कैरीचं लोणचं, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, अनारसे. कॉलेजातले आम्ही तिघं वीस वर्षांनी एकत्र बसणार, तर रिकाम्या हाताने कसं जायचं? तिकिटावर 25 किलो. काउंटरच्या काट्यावर 27.4.

घरी मोजली होती की! बाथरूमच्या काट्यावर आधी मी, मग बॅगेसकट मी, आणि वजाबाकी. यात गोची अशी की बॅग पोटाशी धरली की आकडाच दिसत नाही. तो बघायला वाकावं तर तोल जातो, काटा हलतो, आणि माणूस सोयीचा आकडा वाचतो. मोजायचं तर हुकाच्या लटकत्या काट्याने. शिवाय रिकाम्या बॅगेचंच वजन साडेचार किलो, हे दुकानदार सांगत नाही.

"सर, बाजूला घेऊन कमी करा." बाजूला म्हणजे जमिनीवर, रांगेच्या पायांशी. माझे बनियन अख्ख्या विमानतळाने पाहिले.

आणि तिथे काका प्रकटले. मुलगी शारजात, ही त्यांची अकरावी फेरी. न विचारता उकिडवे बसले आणि माझ्या बॅगेत हात घातला.

"लोणचं हातातल्या बॅगेत टाकताय? काढून घेतील. खालीच ठेवा. पण बरणीत वर इतकी मोकळी जागा कशाला? वर गेलं की विमानातला दाब उतरतो, आतली हवा फुगते, झाकणातून तेल बाहेर. काठोकाठ भरायची, तोंडावर प्लास्टिक, मग झाकण, चिकटपट्टी, दोन पिशव्या. हे काय? पॉवर बँक? ही हातात! आणि हे... अरे बापरे, खोबरं?"

खोबऱ्याने काय घोडं मारलं, मी विचारलं.

"साठ टक्क्यांच्या वर तेल असतं त्यात. कोंडलेल्या उबेत आपोआप तापतं, पेट घेऊ शकतं. सुक्या खोबऱ्याला विमानात बंदी आहे साहेब, स्कॅनरमध्ये गोल वाट्या दिसल्या की परत बोलावतात."

म्हणजे लग्नमुंजीत ओटीत घालतो ती वस्तू सरकारदरबारी ज्वालाग्राही! बरं, हे तिकिटाबरोबर ठळक अक्षरात सांगायला काय होतं? जेवण शाकाहारी की मांसाहारी हे तीनदा विचारतात. खोबरं काढलं, 800 ग्रॅम. भाजणी हातातल्या बॅगेत गेली, एक किलो. अजून 600 ग्रॅम उरले. काकांनी स्टीलचा डबा उघडला.

"अनारसे? दुबईला? वर खसखस आहे!"

खसखस अफूच्याच बोंडातली, आणि अमिरातीत तिला बंदी. हे मला ठाऊक हवं होतं, नव्हतं. मी नखाने खसखस खरवडायला लागलो. "चार दाणे राहिले तरी दाणेच ते," काका म्हणाले, आणि पुरावा नष्ट करावा तसा एक अनारसा तोंडात टाकला. मग दुसरा. डोळे मिटून चावले.

"जाळी पडली नाही."

तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, दळून, गूळ मळून बायकोने ते पीठ आठवडाभर मुरवलं होतं. माझी बॅग विस्कटली, अब्रू गेली, ते मी सोसलं. पण जाळी?

"पीठ घट्ट झालं असणार. केळ्याचा छोटा तुकडा मळायचा. आणि तुपात सोडल्यावर उलटायचा नाही, खसखस वरच राहिली पाहिजे, झाऱ्याने तूप उडवायचं. सांगा घरी."

घरी सांगणार? मी?

बॅग 24.9 भरली. डबासुद्धा काढावा लागला होता. खोबरं आणि अनारसे न्यायला भाच्याला गेटवर बोलावलं आणि दिग्याला फोन लावला.

"खोबरं ना? अरे इथे करामा भागात मिळतं, परवाच आणलं मी."

"मग यादीत कशाला लिहिलंस?"

"मागच्या वेळचीच यादी पाठवली. ते सोड, अनारसे घेतलेस ना?"

मी वळून पाहिलं. काका चौथा खात होते.