चौकशी समितीवर निवड झाली? मग हे वाचाच

अभिनंदन! फुटबॉलच्या मैदानात कुणीतरी कुणालातरी कातडीच्या रंगावरून शिवी घातली आणि छडा लावायला तुमची समिती नेमली गेली. घाबरू नका. परवाच इथल्या एका स्पर्धेत आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूच्या तक्रारीचा निकाल दोन ओळींत लागला : ‘दोन्ही बाजूंचा गैरसमज झाला होता. विषय संपवण्यात आला.’ तुम्हालाही जमेल.

आधी घाई सोडा. सामना संपल्या संपल्या काही लिहून घेऊ नका. पंचाच्या अहवालात मिनिट, जागा, जवळ कोण होतं, नेमके शब्द असलं काही आलं की पुढं तुमचीच पंचाईत. ‘किरकोळ बाचाबाची झाली’ एवढं बास. इंग्लंडवाल्यांनी इथंच घोळ घातला. 15 ऑक्टोबर 2011 ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्रानं लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझविरुद्ध वांशिक शिवीची तक्रार केली, तर चौथे पंच फिल डाऊड त्याच दिवशी पंचांच्या खोलीत टिपणं काढत बसले. सुआरेझ काय म्हणाला म्हणून लिव्हरपूलच्या माणसांनी तेव्हा जे सांगितलं, ते सुआरेझच्या पुढच्या जबाबाशी जुळेना. आठ सामन्यांची बंदी, 40 हजार पौंड दंड. एका वहीनं केवढं नुकसान केलं बघा.

समितीत आरोपीच्या तालमीचा, म्हणजे त्याच्याच संघाचा, एक तरी माणूस हवाच.

जबाब सगळ्यांचे एकत्र घ्या. एकच टेबल, चहा मागवलेला, दोन्हीकडं पदाधिकारी आणि मधे तक्रार करणारा एकटा. त्याला फ्रेंच येतं, इंग्रजी कामापुरतं, मराठी शून्य? मग दुभाषी म्हणून समोरच्या संघाचा मॅनेजर आहेच की! पहिला साक्षीदार बोलला की दुसऱ्याला विचारा, ‘तुझंही तेच न्हवं?’ त्यानं मान हलवली की झाले दोन जबाब. वेगवेगळं बसवलं, फोन बाहेर ठेवायला लावले, ‘तू कुठं उभा होतास, तोंड कुणाकडं होतं, त्याआधी काय झालं’ असं एकेकाला विचारलं, तर भलतंच व्हायचं. एक म्हणणार काहीच ऐकलं नाही, दुसरा म्हणणार ऐकलं पण ते चेष्टेत, आणि कॉर्नरच्या वेळी दोघं खांद्याला खांदा लावून उभे! ‘मी ऐकलं नाही’ म्हणजे ‘तो बोलला नाही’ होत नाही, एवढं तरी कळतं का हो? आणि गॅलरीच्या वरच्या पायरीवर बसलेल्या पदाधिकाऱ्याचा जबाब कशाला? ‘आमचा पोरगा तसला न्हाई.’ तो मैदानात होता? नव्हता. त्यानं काही ऐकलं? नाही. तरी त्याचा जबाब पानभर, आणि ज्याच्या कानात शिवी गेली त्याचं म्हणणं एका वाक्यात! तेही दुसऱ्यानं मराठीत लिहिलेलं, वाचून न दाखवता खाली सही घेतलेलं. आपण कशावर सही केली हे त्या पोराला अजून तरी कळलंय का?

असो. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय तोच बघा. चित्र फाटलेलं, पुढचं-मागचं कापलेलं, वर समालोचकाचा आरडाओरडा. कॅमेरावाल्याकडं मूळ फाइल मागू नका. तो पुढच्या सामन्यासाठी कार्ड पुसेपर्यंत थांबा, मग ‘पुरावा उपलब्ध नाही’ असं बिनधास्त लिहिता येतं.

शिवी ऐकून त्यानं धक्का दिला? उत्तम. आता वजाबाकी करा : इकडची शिवी, तिकडचा धक्का, बाकी शून्य. युरोपातल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या यूएफाला हे गणित येत नाही. मार्च 2021 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स संघातल्या ग्लेन कमाराच्या कानाशी जाऊन, हातानं तोंड झाकून समोरच्या स्लाव्हिया प्राग संघाचा ओंड्रे कुडेला काहीतरी बोलला. वांशिक काही बोललोच नाही, असं त्याचं म्हणणं. तरी त्याला दहा सामने बंदी, आणि नंतर हात उचलल्याबद्दल कमाराला तीन, वेगळी. दोन गुन्हे, दोन हिशेब.

पुरावा मागायचा तो कोर्टासारखाच मागा, तसूभर शंका नको. चेल्सीचा जॉन टेरी वांशिक शिवीच्या खटल्यात जुलै 2012 मध्ये कोर्टातून सुटला. तरी सप्टेंबरमध्ये एफएनं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, त्याला चार सामने बसवलं, वर 2 लाख 20 हजार पौंड दंड. कारण फौजदारी कोर्टाला वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो, आणि शिस्तीच्या चौकशीत कुठली गोष्ट घडल्याची शक्यता जास्त ते तोलतात. पण तुम्ही समजा की पोराला फाशीच द्यायची आहे.

गॅलरीतून माकडाचे आवाज आले तर? गॅलरी आहे, चालायचंच. मार्च 2024 मध्ये मलप्पुरमला प्रेक्षकांनी आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला पळवून पळवून मारलं, ते लांब केरळात.

आणि आरोपीला नेमका आरोप सांगूच नका. समितीत विरुद्ध पेठेचं बहुमत असेल तर त्याला न ऐकताच हंगामभर बाहेर काढा; त्याच्या पेठेचं असेल तर न विचारताच सोडा. कारण द्यायचं नाही. मार्च 2024 मध्ये इटलीत इंटर मिलानचा फ्रान्सेस्को अचेर्बी सुटला. तक्रार करणाऱ्या नापोलीच्या ज्युआन जेझुसच्या सांगण्यापलीकडं वांशिक शिवीचा पुरावा नाही, हे न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. नापोलीवाले भडकले, पण कशावर भडकायचं ते निदान कागदावर होतं. इथं भडकायलाही कागद नाही.

बास झालं आता. लाज वाटत नाही का? तीन बिनसंबंधित माणसं, एक संध्याकाळ, एक वही, दोन्ही संघांबाहेरचा एक दुभाषी, एवढंच लागतं. शब्द आणि मिनिट लिहून आरोपीच्या हातात द्या, व्हिडिओ त्यालाही दाखवा, उत्तराला चार दिवस द्या. कुणाचं का पटलं आणि कुणाचं का नाही, ते पानभर लिहा. सुआरेझच्या निकालासारखी 115 पानं कुणी मागत नाही. अपील कुठं आणि किती दिवसांत, ते खाली टाका. पोरगा निर्दोष असेल तर तसं स्पष्ट लिहा, ‘मिटवलं’ म्हणू नका. मिटवलेल्या प्रकरणातला पोरगा कायम संशयातच राहतो. आणि त्या दोघांना बळंच हातात हात द्यायला लावून, मधे तुम्ही हसत उभे राहून काढलेला फोटो आधी ग्रुपवरून काढा.