नको म्हणायला एवढा आटापिटा का?

पैसे मोजून कॉम्प्युटर घ्यायचा, विंडोजच्या लायसन्सची किंमतही त्यातच भरायची, आणि मग आपल्याच टेबलावरच्या त्या यंत्रानं आपण काय उघडतो, काय वापरतो, कुठं अडकतो याची नोंद करून बाहेर पाठवायची. पाठवू नको म्हणावं तर एक सरळ बटण नाही. सेटिंग्जमध्ये तीन-चार ठिकाणी शोधा, मग सर्व्हिसेसमध्ये (पडद्यामागं चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी) जा, मग टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडा. 'हो' म्हणायला एक क्लिक आणि 'नको' म्हणायला अख्खी दुपार. हा काय न्याय झाला?

गडबड दुकानातच सुरू होते. कोल्हापुरात राजारामपुरीत नवीन लॅपटॉप घेतला की दुकानातला पोरगाच तो सेट करून देतो. पहिल्याच सेटअपला प्रायव्हसीच्या स्क्रीन येतात: लोकेशन, डायग्नोस्टिक डेटा (मशीन कसं चालतंय, कसं वापरलं जातंय याची नोंद), टायपिंगची माहिती, टेलर्ड एक्स्पिरियन्सेस (त्या नोंदीवरून आपल्याला दाखवलेले सल्ले आणि जाहिराती), अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी. बहुतेक बटणं आधीच चालू. त्या पोराला संध्याकाळपर्यंत आणखी मशिनं द्यायची असतात, तो नेक्स्ट, अ‍ॅक्सेप्ट करत पुढं जातो. त्याला बोलून उपयोग नाही, बटणं आधीपासून चालू ठेवतो तो खरा दोषी. ज्याच्या घरी ते मशीन जाणार त्यानं या स्क्रीन बघितलेल्याच नसतात, आणि तरी त्याची संमती मिळाली म्हणून माहिती जायला लागते. म्हणून दुकानात आधीच सांगा: सेटअप आम्ही घरी करणार, तुम्ही फक्त मशीन चालू होतंय एवढं दाखवा.

"माझ्याकडं लपवण्यासारखं काय आहे?" असं म्हणणाऱ्यांनी ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटामध्ये काय जातं ते मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रात वाचावं. एज या त्यांच्याच ब्राउझरमध्ये कुठल्या वेबसाइट बघितल्या, कुठलं अ‍ॅप कसं वापरलं, हे तर आहेच. एखादा प्रोग्राम कोसळला तर त्या क्षणी मेमरीत काय होतं तेही जातं, आणि त्यात आपण उघडलेल्या फाइलचे तुकडे नकळत जाऊ शकतात, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं कोटेशन, गुजरीतल्या सराफाचा गिऱ्हाइकांचा हिशेब, घरातल्या कुणाचा मेडिकल रिपोर्ट. एक्सेल नेमकं त्याच वेळी कोसळलं की झालं.

तेव्हा पहिल्यांदा हेच बंद करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक. सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा बंद. त्याच पानावर इम्प्रूव्ह इंकिंग अँड टायपिंग बंद, टेलर्ड एक्स्पिरियन्सेस तिथं दिसलं तर बंद, फीडबॅक फ्रीक्वेन्सी नेव्हर. खाली डिलीट डायग्नोस्टिक डेटाचं बटण आहे, ते दाबा, पण त्यानं गोळा करणं थांबत नाही, आधी गेलेलं पुसलं जातं इतकंच. तिथंच आपला डेटा बघायची सोयही ठेवलीय. त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यायचं, आपल्याच डिस्कवरची १ जीबीपर्यंत जागा द्यायची आणि मग इंग्रजीतले कोडसारखे उतारे वाचत बसायचं. याला पारदर्शकता म्हणायचं? जाहिरातीच्या आयडीचं बटण याच प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत, पण दुसऱ्या पानावर. सर्च परमिशन्स तिसऱ्या पानावर. तेही बंद करून टाका.

एवढं करूनही रिक्वायर्ड, म्हणजे सक्तीचा, डेटा जातच राहतो, आणि खरी तिडीक इथं जाते. हा प्रकार शून्यावर आणायची सोय विंडोजमध्ये आहे. टेलिमेट्री म्हणजे मशिनानं अशी माहिती आपोआप पाठवणं; अलाउ टेलिमेट्री नावाची पॉलिसी (आतली सेटिंग) आहे, तिला ० किंमत दिली की डायग्नोस्टिक डेटा बंद. पण हे ० फक्त एंटरप्राइज, एज्युकेशन आणि सर्व्हर आवृत्त्यांत चालतं. तुमच्या-आमच्याकडच्या होम किंवा प्रो आवृत्तीवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही) ० लिहिलंत तरी विंडोज ते १ समजतं. म्हणजे बंद करणं अशक्य नाही, तुम्हा-आम्हाला ते द्यायचं नाही इतकंच ठरलंय. मोठ्या कंपनीच्या हजार मशिनांना जो हक्क, तो मंगळवार पेठेतल्या घरात पोरांच्या अभ्यासाला घेतलेल्या एका मशिनाला का नाही?

होमवाल्यांना मग उरते सर्व्हिस. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी (services.msc) टाइप करा. यादीत कनेक्टेड यूजर एक्स्पिरियन्सेस अँड टेलिमेट्री शोधा. हिचं आतलं नाव डायगट्रॅक. डबल क्लिक, स्टॉप, स्टार्टअप टाइप डिसेबल्ड, अप्लाय. अपडेट येत राहतात, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) चालतो, प्रिंटर चालतो. वर सांगितलेलं डेटा बघायचं अ‍ॅप आणि विंडोज इनसायडर (नवी विंडोज आधी चाचणीला देणारी योजना) मात्र चालणार नाही. घरी त्यावाचून कुणाचं अडत नाही.

मग टास्क शेड्युलर. टास्क शेड्युलर लायब्ररी, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, अ‍ॅप्लिकेशन एक्स्पिरियन्स. तिथं मायक्रोसॉफ्ट कम्पॅटिबिलिटी अप्रेझर नावाची जेवढी टास्क दिसतील तेवढ्यांवर राइट क्लिक करून डिसेबल. शेजारच्या कस्टमर एक्स्पिरियन्स इम्प्रूव्हमेंट प्रोग्रामच्या फोल्डरात कन्सॉलिडेटर आणि यूएसबी सीप, तीही डिसेबल. अप्रेझरवर राग जास्त आहे, कारण तो नुसती माहिती गोळा करत नाही, मशीन मारतो. त्याचा कॉम्पॅटटेलरनर प्रोग्राम डिस्कवरच्या फाइली, ड्रायव्हर आणि प्रोग्राम तपासत फिरतो. एसएसडी असेल तर कळत नाही. पण ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेली मशिनं आपल्याकडं घराघरांत आहेत. तिथं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि माऊस हलायला तयार नाही. लोकांना वाटतं व्हायरस आला. मग फॉरमॅट मारायला पाच-सातशे रुपये देतात, आणि फॉरमॅटनंतर तीच टास्क पुन्हा हजर.

आता यूट्यूबवरच्या 'एका क्लिकमध्ये सगळं बंद' वाल्यांबद्दल. कृपा करून त्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या तयार फाइली) आंधळेपणानं चालवू नका. त्या विंडोजचं स्टोअर उडवतात, अपडेट अडवतात, आणि सहा महिन्यांनी काहीतरी बिघडलं की काय काढलं होतं ते कुणाला सांगता येत नाही. 'हलकी केलेली' विंडोज म्हणून पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या फाइली तर त्याहून वाईट. एकाची नजर चुकवायला ज्याचा ठावठिकाणा नाही अशा माणसाच्या हातात अख्खं मशीन द्यायचं! होस्ट्स फाइलमध्ये (कुठला वेबपत्ता कुठं न्यायचा हे सांगणारी मशिनावरची फाइल) मायक्रोसॉफ्टचे पत्ते लिहून अडवायचा जुना उपाय आहे, पण २०२० पासून डिफेंडर तशी फाइल दिसली की तिला धोका ठरवतो आणि साफ करायला लावतो. आपल्या मशिनावर आपण लिहिलेल्या चार ओळी म्हणजे धोका, आणि त्यांची सर्व्हिस म्हणजे सुविधा! राउटरवर किंवा पाय-होलनं (घरच्या नेटवर्कवर पत्ते अडवणारा प्रोग्राम) पत्ते अडवता येतात, फक्त यादी समजून घेऊन टाका. सरसकट सगळं अडवलंत तर अपडेट आणि अ‍ॅक्टिव्हेशन अडकतं.

ब्राउझरचं वेगळं बघावं लागतं. क्रोममध्ये एनहान्स्ड स्पेल चेक चालू असेल तर तुम्ही टाइप केलेला मजकूर गूगलकडं जातो, बेसिक ठेवा. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर खाली टेक्निकल डेटाची खूण काढा.

आणि हे सगळं तांत्रिक कारणानं असंच असावं लागतं, असं कुणी सांगू नये. डेबियन लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी सिस्टम) इन्स्टॉल करताना वापराची आकडेवारी पाठवू का असं विचारतं, आणि तिथं आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. झालं, विषय संपला. आपल्या देशातही २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, आणि सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय हवी, असं त्यात लिहिलंय. मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण संमतीची कलमं लागू व्हायला त्यापुढं दीड वर्षाची मुदत दिलीय. कंपन्यांना तयारीला दीड वर्ष, आणि आपली माहिती रोजच्या रोज चाललीच आहे.

तोपर्यंत एवढं ध्यानात ठेवा: विंडोजची वर्षातली मोठी आवृत्ती आली की डायगट्रॅक आणि अप्रेझर पुन्हा चालू झालेले सापडतात. अपडेट संपून मशीन रीस्टार्ट झालं की आधी सर्व्हिसेस उघडा, मग टास्क शेड्युलर. त्यानंतर 'तुमचं डिव्हाइस सेट करणं पूर्ण करूया' अशी स्क्रीन आली तर घाईत पुढं जाऊ नका. ती कायमची घालवायला सेटिंग्ज, सिस्टम, नोटिफिकेशन्स, आणि तळाशी अ‍ॅडिशनल सेटिंग्ज. तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका.