‘१०×४२ घ्या, ईडी काच पाहा’: दुर्बीण निवडण्याच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

पक्षीनिरीक्षणाकडे नव्याने वळलेल्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. पंधरा ते चाळीस हजारांच्या टप्प्यातली दुर्बीण घेताना १०×४२ च, म्हणजे दहापट वर्धनाची आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे असलेली, घ्यावी, कारण ८×४२ पेक्षा तिच्यातून नेहमीच अधिक बारकावे दिसतात. ईडी काच, म्हणजे रंगांची किनार कमी करणारी खास काच, असली की चित्र काठापर्यंत रेखीव मिळते. फोकसचे चाक जितके झरझर फिरेल तितके उत्तम. आणि दुकानाच्या दारातून समोरची पाटी स्वच्छ वाचता आली की निवड झाली, असा त्याचा गोषवारा आहे. या विधानांत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती चटकन पटतात. पण एवढा खर्च बहुतेक घरांत पुन्हा पुन्हा होत नाही, तेव्हा ती तपासून घेतलेली बरी.

दुर्बीण तिवईवर पक्की बसवली तर दहापट वर्धनातून अधिक बारकावे दिसतात, हे मान्यच आहे. आपण मात्र ती हातात धरतो, आणि पक्षी जितका मोठा होतो तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. भिगवणला उजनीच्या काठावरील चिखलात छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा एकत्र चरत असतील, तर त्यांची ओळख पटवताना पायांचा रंग फार उपयोगी पडतो: पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर. चिमणीएवढ्या, सतत पळणाऱ्या पक्ष्याच्या काडीसारख्या पायांवर नजर ठरायची तर चित्र आधी स्थिर हवे, आणि ते पुष्कळांना आठपटीतच मिळते. उन्ह चढल्यावर पाण्यावरची हवा लहरू लागली की ती लहरही वर्धनाबरोबर वाढते. तिथे महागडी दुर्बीणही हतबल असते. शिवाय ४२ मिलिमीटरच्या भिंगाची सैद्धांतिक क्षमता सुमारे २.८ विकलांइतका (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारकावा वेगळा दाखवण्याची आहे. दहापट केला तरी तो २८ विकलांचाच होतो, तर निरोगी डोळ्याची मर्यादा साधारण ६० विकलांची आहे. म्हणजे स्पष्टता कमी पडते ती भिंगाच्या आकारामुळे नव्हे, तर हाताचा कंप, जुळणीतील दोष आणि चुकलेला फोकस यांमुळे.

ईडी काचेचे काम रंगविपथन, म्हणजे निरनिराळे रंग एकाच जागी न जुळण्याचा दोष, कमी करणे हे आहे. ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारेवर बसलेल्या कोतवालाच्या कडेला जी जांभळट-हिरवट किनार दिसते, ती या काचेने आटोक्यात येते. काठाकडची धूसरता हा निराळा दोष असून तो मुख्यतः नेत्रभिंगाच्या, म्हणजे डोळ्याकडील भिंगाच्या, रचनेवर अवलंबून असतो. रात्री एखादा ठळक तारा मध्यभागी टिपक्यासारखा करून हळूहळू काठाकडे न्यावा. चाक फिरवल्यावर तो पुन्हा टिपका झाला, तर दोष दृश्यक्षेत्राच्या वक्रतेचा, म्हणजे मध्य आणि काठ एकाच वेळी फोकसमध्ये न येण्याचा, आहे. काही केल्या त्याची रेघ किंवा फुली उरत असेल, तर तो भिंगांतील दृष्टिवैषम्याचा (बिंदू बिंदूसारखा न उमटण्याचा), आणि त्यावर वापरणाऱ्याकडे उपाय नाही. निकॉनच्या मोनार्क एम५ आणि एम७ या दोन्ही ८×४२ दुर्बिणींत ईडी काच आहे, तरी एकीचे दृश्यक्षेत्र ६.४ अंशांचे, तर दुसरीचे ८.३ अंशांचे आहे. ईडी या दोन अक्षरांवरून हा फरकसुद्धा कळत नाही, मग काठाची गुणवत्ता कुठून कळणार? सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ लोलकाच्या दुर्बिणीत तर लोलकावर फेज थर आहे की नाही, हे मी ईडीच्याही आधी विचारीन. झाइसने १९८८ मध्ये आणलेला हा थर नसेल, तर लोलकाच्या धारेवर दुभंगलेला प्रकाश पुन्हा नीट जुळत नाही आणि बारीक तपशील फिका पडतो. पोरो लोलकाला, म्हणजे वाकड्या नळ्यांच्या दुर्बिणीतल्या लोलकाला, त्याची गरजच नसते.

फोकसच्या वेगाबद्दलचे विधान मला सर्वांत घातक वाटते. चाकाचे फिरणे अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाटले जाते. जवळात जवळ दोन मीटरवर फोकस होणाऱ्या दुर्बिणीत दोनपासून चार मीटरपर्यंत येतानाच सुमारे निम्मा फेरा खर्च होतो, आणि वीस मीटरपासून क्षितिजापर्यंतच्या साऱ्या अंतराला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. पूर्ण फेरा एका वळशाचा असेल तर हा हिस्सा ३६ अंशांचा. पाऊण वळशाचा असेल तर २७ अंशांचा. फुलपाखरे पाहणाऱ्याला वेगवान चाक सोयीचे आहे, पण झाडाच्या शेंड्यावरील पर्णवटवट्याच्या भुवईची रेघ पाहायची असेल, तर तेच चाक नेमक्या जागेच्या पुढे-मागे घसरत राहते. दहापटीत ही अडचण आणखी वाढते, कारण स्पष्टतेचा पल्ला वर्धनाच्या वर्गाच्या प्रमाणात आखडतो. आठ आणि दहा यांची तुलना ६४ आणि १०० अशी होते. वेगापेक्षा चाकातली ढिलाई तपासावी: एकाच अक्षरावर आधी जवळून आणि मग दुरून येत फोकस करावा, आणि दिशा बदलताना चाक काही काळ नुसतेच फिरते का, ते पाहावे. डायॉप्टरही, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी जुळणीही, आधी लावून घ्यावा. उजवे वस्तुभिंग (पुढचे भिंग) झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करावा, मग डावे झाकून उजव्या डोळ्यासाठी, बहुतेक दुर्बिणींत उजव्या नेत्रभिंगावर असलेले, कडे फिरवावे. हे न करताच ‘चित्र मऊ आहे’ म्हणून चांगल्या दुर्बिणी नाकारल्या जातात.

राहिली दुकानासमोरची पाटी. भर उजेडात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे भिंगाच्या फक्त मधल्या भागातून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो आणि कडेच्या भागाचे दोष लपून राहतात. ते दिसतात बाहुली मोठी झाल्यावर, म्हणजे पहाटे आणि सांजवेळी, जेव्हा पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात. म्हणून दुकानात संध्याकाळी जावे, कोपर भिंतीला टेकवून पाहावे, आणि एकाच मॉडेलचे दोन नग मागावेत, कारण या किमतीत एका नगाची जुळणी दुसऱ्यासारखी असेलच असे नाही.