थंडीत फळमाशी मेली म्हणे!

दिवाळीपासून आमच्या वाळवा-तासगावकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘थंडीत फळमाशी मरते, सापळे काढून ठेवा. ती परत येते पहिल्या पावसाबरोबर. एकच सापळा सगळ्या पिकांना चालतो. किडकी फळं उकिरड्यावर टाका, कुजून जातात.’ चारातलं एकही वाक्य धड नाही.

आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे घोंगडं आणि दुपारी बनियनवर भांगलण. एवढ्यानं ही माशी मरत नाही, सुस्तावते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला तीनेक आठवडे लागतात, थंडीत तेच काम लांबतं. अळी फळाच्या गरात, कोष मातीत दोन-चार बोटं खोल, मोठी माशी पानाआड. ऊन तापलं की पुन्हा कामाला.

पावसाबरोबर येते हेही खोटं. उन्हाळ्यात ती आंब्यात असते, तिथून आंबे बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत शिरते. ओल आणि पिकती फळं मिळाली की संख्या फुगते, आणि आपल्याला तेव्हाच दिसते.

सापळ्याचं मात्र मी स्वतः भोगलंय. आंबा-पेरूवरची माशी वेगळी, कारली-दोडक्यावरची वेगळी. सापळ्यात वासाचं आमिष असतं: पहिलीचा नर मिथाईल युजेनॉलच्या वासाला भुलतो, दुसरीचा क्यू-ल्यूरच्या. मागच्या वर्षी पेरूतला सापळा उचलून कारल्याच्या मांडवात टांगला. डबा रिकामाच, म्हणून मी खूश! तोडणीला निम्मी कारली वाकडी, पिवळी, आत अळ्या. शिवाय दोन्ही सापळ्यांत अडकतात ते नरच. आधीच मिलन झालेली मादी फळांना डंख मारतच राहते, म्हणून भरलेला डबा बघूनही हुरळून जाऊ नये.

सगळ्यात घातक सल्ला उकिरड्याचा. फळ कुजतं खरं, पण पोसलेली अळी त्याआधीच बाहेर पडते, टुणकन उड्या मारत सुटते (खोटं वाटत असेल तर किडका पेरू ताटात फोडून बघा) आणि भुसभुशीत जागा बघून कोषात जाते. उकिरड्याहून भुसभुशीत जागा तिला कुठली मिळणार? किडकी फळं प्रत्येक तोडणीला वेचा, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून काही दिवस उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल पुरा. झाडाखालची माती वरवर हलवली की कोष उघडे पडतात. पुढचं काम ऊन आणि साळुंक्या करतात.

माझा क्यू-ल्यूरचा डबा अजून मांडवातच आहे. काल सकाळी त्यात नवे नर होते, अंगावर स्वेटर असताना मोजले.